सरकारी सॉफ्टवेअर कोणाच्या हाती? खुल्या तंत्रज्ञानाच्या धोरणाचा आढावा

मोर्शीच्या शेतकऱ्याला सातबारा काढायचा असो, ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज भरायचा असो की संत्र्याच्या बागेची ई-पीक पाहणी नोंदवायची असो, प्रत्येक वेळी त्याची गाठ एखाद्या सॉफ्टवेअरशी पडते. तलाठी, कृषी सहायक आणि सेतू केंद्राचा चालकही त्याच सॉफ्टवेअरच्या चौकटीत काम करतात. कोणता रकाना सक्तीचा, कोणता अर्ज कशामुळे बाद, कोणाचे नाव यादीत वर, हे नियम पूर्वी फक्त शासन निर्णयात असत. आता ते संगणकाच्या कोडमध्येही असतात. शासन निर्णय कोणालाही संकेतस्थळावर वाचता येतो. कोड मात्र बहुतेक वेळा वाचता येत नाही. जनतेच्या पैशातून तयार झालेले किंवा विकत घेतलेले हे सॉफ्टवेअर खुले असावे का, किती असावे आणि त्यासाठी सरकारने काय करावे, या वादाला भारतात किमान दोन दशके झाली आहेत. युरोपात तो सध्या ऐरणीवर आहे. महाराष्ट्रात त्यावर फारशी सलग चर्चा झालेली नाही, म्हणून आजवरचा प्रवास, मुख्य भूमिका आणि न सुटलेले मुद्दे एकत्र मांडणे गरजेचे वाटते.

या वादात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे खुले मापदंड : मजकूर साठवण्याची, फाइल लिहिण्याची किंवा दोन प्रणालींनी एकमेकींशी बोलण्याची अशी पद्धत, जी कोणालाही परवानगी वा शुल्काशिवाय वापरता येते. दुसरी म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, ज्याचा कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क परवान्यातच दिलेला असतो. तिसरी म्हणजे खुली माहिती : पाऊस, भूजल, जमीन, खर्च यांचे सार्वजनिक आकडे. एक असली की दुसरी आपोआप येते असे नाही. तिन्हींचा इतिहास पाहिल्यावर माझा निष्कर्ष असा झाला आहे की खुलेपणाला धोरणात पसंती मिळाल्याने फार थोडे बदलते. खरेदीच्या करारात काय अट घातली आणि देखभालीला माणसे कोण आहेत, यावर बाकी सगळे ठरते.

पार्श्वभूमी : मराठी फाँटांचा अनुभव

हा वाद मराठी माणसाने अनुभवला तो फाँटांच्या रूपाने. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. भारतीय लिपींसाठी इस्की हे राष्ट्रीय मापदंड 1991 मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्धही झाले. म्हणजे अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत कागदावर तयार होती. प्रत्यक्षात छापखाने, वर्तमानपत्रे आणि कार्यालये वेगळ्याच वाटेने गेली. श्री-लिपी, आकृती, कृतीदेव, सुरेख अशा फाँटांच्या घराण्यांनी देवनागरी अक्षरे आपापल्या सोयीने वेगवेगळ्या जागी बसवली. एका फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. तालुक्याच्या कार्यालयातली फाइल जिल्ह्याला पाठवायची तर दोन्हीकडे तोच फाँट लागे. अशा फाइलींमध्ये अडकलेला मजकूर आज शोधायचा, जोडायचा किंवा संगणकाकडून वाचून घ्यायचा तर आधी त्याचे रूपांतर करावे लागते.

ही कोंडी युनिकोडने फोडली. 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीवरच आधारलेली होती. तरी केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मापदंड अधिसूचित केले ते नोव्हेंबर 2009 मध्ये. त्यानंतर खुल्या परवान्याच्या फाँटांनी उरलेली अडचण दूर केली. रेड हॅटने पुरस्कृत केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फाँट कोणीही विनामूल्य वापरू शकतो. या सगळ्यातून दिसते ते असे की चांगले खुले मापदंड हाताशी असूनही खरेदीदाराने त्याचा आग्रह धरला नाही, तर बाजार आपापली कुंपणे घालतो. ती कुंपणे काढण्याची किंमत नंतर समाजाला मोजावी लागते, आणि ती कोणत्याही निविदेच्या रकमेत दिसत नाही.

भारतातली धोरणे

देशपातळीवरचा पहिला मोठा वाद कार्यालयीन दस्तऐवजांच्या फाइलींवरून झाला. मायक्रोसॉफ्टने मांडलेले मापदंड आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य करावे का, या प्रश्नावर भारतीय मानक ब्युरोने 2007 मध्ये आणि पुन्हा 2008 मध्ये नकार नोंदवला. जगभरातल्या मतदानात ते मापदंड मंजूर झाले, पण त्या चर्चेमुळे भारतीय प्रशासनात या विषयाची जाण वाढली. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मापदंडांचे धोरण जाहीर केले. त्यात मापदंड कायमचे स्वामित्वशुल्कमुक्त असावे आणि शक्यतो एका कामासाठी एकच असावे, अशी भूमिका घेतली होती.

2015 मध्ये आणखी धोरणे आली. एकाने केंद्र सरकारच्या नव्या प्रणालींसाठी ओपन सोर्सला प्रथम पसंती दिली. निविदेत तशी अट असावी आणि पुरवठादाराने ओपन सोर्स वगळले तर कारण द्यावे, असे सांगितले. दुसऱ्याने सरकारी प्रणालींचा कोड इतर खात्यांना व विकासकांना खुला करण्याचा मार्ग आखला. राज्यांवर मात्र हे बंधनकारक नव्हते. स्वीकारायचे की नाही हे त्यांच्यावर सोडले होते. शिवाय तातडीची गरज, विशेष क्षेत्र किंवा त्या तंत्रज्ञानाचे जाणकार उपलब्ध नसणे या कारणांसाठी अपवादाची मुभा ठेवली होती. यातले शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. खात्यात जाणकार नसतील तर बंद सॉफ्टवेअर घेता येते आणि बंद सॉफ्टवेअर घेतले की जाणकार तयार होण्याचे कारणच उरत नाही. धोरणाला या चक्रातून बाहेर पडण्याची वाट दाखवता आली नाही.

ही वाट केरळने शिक्षणातून काढली. तिथल्या सरकारी शाळांचा संगणक कार्यक्रम गेल्या दोन दशकांत जवळपास पूर्णपणे लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर आला. 2019 मध्ये तो राबवणाऱ्या संस्थेने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर ही प्रणाली असल्याचे आणि परवान्यांचे सुमारे 3,000 कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. बचतीचा आकडा गृहीतकांवर अवलंबून असतो, म्हणून तो दावा समजूनच घ्यावा. त्याहून महत्त्वाचे हे की तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि दुरुस्ती एकाच दिशेने आखली गेली. महाराष्ट्रात 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत संगणक साक्षरता पोहोचवली, हे त्याचे मोठे काम आहे. त्याचा भर मात्र विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर राहिला. कार्यालयात तेच होते म्हणून ते शिकवले आणि शिकलेल्यांना तेच येत होते म्हणून कार्यालयात तेच राहिले. दुसरीकडे आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आणि मराठीतही उपलब्ध असलेले स्पोकन ट्युटोरियल यांनी पर्यायी शिक्षणाची सामग्री तयार केली. तिला भरतीच्या अटींमध्ये जागा मिळाली नाही.

युरोपचा अनुभव

युरोपातले प्रयोग आपल्याकडच्या वादाला दोन्ही बाजूंनी पुरावा देतात. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांत सुमारे 15,000 संगणक बदलले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. विरोधकांनी वापरकर्त्यांच्या तक्रारी आणि इतर कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी पुढे केल्या. समर्थकांच्या मते दोष संगणक विभागाच्या विस्कळीत रचनेचा आणि राजकीय निर्णयाचा होता. दोन्हींत तथ्य दिसते. एकट्या शहराने बेट बनून राहणे अवघड असते, हा त्यातून निघणारा सावध निष्कर्ष. फ्रान्सच्या जेंदार्मरी या पोलिस दलाने मात्र आधी कार्यालयीन सॉफ्टवेअर आणि मग प्रणाली असा टप्प्याटप्प्याने बदल केला आणि तो टिकवला. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 संगणक लिब्रेऑफिस आणि लिनक्सकडे नेण्याचे जाहीर केले. म्युनिकपेक्षा इथला फरक असा की बदलाचा निर्णय संपूर्ण राज्य प्रशासनासाठी आहे.

कायद्याच्या पातळीवर युरोपीय संघाने 2024 मध्ये आंतरकार्यक्षमतेचा कायदा लागू केला. एका देशाच्या सार्वजनिक संस्थेने तयार केलेली प्रणाली दुसऱ्या संस्थेने मागितल्यास ती वाटून घेण्याची दिशा त्यात आहे. युरोपीय आयोगाने करून घेतलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असा अंदाज मांडला की 2018 मध्ये युरोपीय कंपन्यांनी ओपन सोर्समध्ये सुमारे 1 अब्ज युरो गुंतवले आणि अर्थव्यवस्थेला 65 ते 95 अब्ज युरोंचा लाभ झाला. असे अंदाज प्रारूपावर ठरतात, तरी वादाचा केंद्रबिंदू परवान्याच्या बचतीकडून अर्थव्यवस्थेच्या क्षमतेकडे सरकला, हे त्यातून दिसते. जर्मनीने 2022 मध्ये पायाभूत ओपन सोर्स प्रकल्पांच्या देखभालीसाठी स्वतंत्र सार्वजनिक निधी उभारला. आपल्याकडच्या धोरणांत नेमकी हीच बाजू कोरी आहे.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका पारदर्शकतेची. जनतेच्या पैशातून तयार झालेला कोड जनतेचा, असे ही बाजू मानते. अनुदानाचा अर्ज का नाकारला गेला हे ठरवणारी प्रक्रिया तपासता यावी, एका जिल्ह्यासाठी तयार झालेली प्रणाली दुसऱ्याला पुन्हा विकत घ्यावी लागू नये आणि पुरवठादार बदलला तरी काम थांबू नये, हे तिचे तीन आधार आहेत. तिच्यावरचा आक्षेप असा की कोड खुला करणे हा उपचार ठरू शकतो. आरोग्य सेतू ॲपचा अँड्रॉइड कोड मे 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्यक्ष वापरातले ॲप आणि प्रसिद्ध केलेला कोड जुळते ठेवले जात नाहीत, अशी टीका झाली. हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून कोड बंद ठेवावा असे निष्पन्न होत नाही, खुला करण्याची पद्धत काटेकोर हवी एवढेच निघते.

दुसरी भूमिका व्यवहाराची. सरकारी अधिकाऱ्याला सेवा चालू हवी असते. बिघाड झाला की जबाबदार धरायला एक कंपनी आणि एक करार हवा असतो. नामांकित कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले तर लेखापरीक्षणात प्रश्न कमी येतात. कर्मचाऱ्यांना नवे शिकवण्याचा खर्च, जुन्या फाइलींचे रूपांतर आणि सुट्या भागांची जुळवाजुळव धरली तर फुकट वाटणारे सॉफ्टवेअर महाग पडू शकते. ही शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर असे की ओपन सोर्सबरोबरही देखभालीचा करार करता येतो आणि अनेक कंपन्या तो व्यवसाय करतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट संपूर्ण खुले असूनही व्यवसाय म्हणून उभे आहे. एकूण खर्च मोजताना बंद सॉफ्टवेअरमधून बाहेर पडण्याचा खर्चही मोजावा लागतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची मदत संपली, तेव्हा चालू स्थितीतल्या अनेक जुन्या संगणकांपुढे नवे यंत्र घ्या किंवा असुरक्षित राहा, असा पेच उभा राहिला.

तिसरी भूमिका स्वदेशीची. जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. दूरच्या राजधानीतल्या निर्णयाने इथला कारभार ठप्प होऊ शकतो, ही भीती त्यानंतर अमूर्त राहिली नाही. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर नेण्यात आले. कायद्याची कक्षा आणि रोजगार या दोन्ही दृष्टींनी या भूमिकेत बळ आहे. तरीही झोहोची प्रणाली ओपन सोर्स नाही. मालक देशी असला तरी पुरवठादारावरचे अवलंबित्व संपत नाही. म्हणून स्वदेशी आणि खुलेपणा ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत, हे मान्य करून दोन्हींचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

चौथी भूमिका मधली आहे : मापदंड खुले असले की पुरे, कोड खुला असण्याची गरज नाही. तिचा सर्वांत मोठा दाखला यूपीआय. 2016 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेचा गाभा ओपन सोर्स नाही, पण कोणत्याही बँकेतून कोणत्याही ॲपवर पैसे जातात आणि वरुडच्या भाजीवाल्यालाही ते कळते. मात्र त्याच व्यवस्थेत बहुतांश व्यवहार दोन ॲपांकडे एकवटले आहेत आणि एका ॲपच्या वाट्यावरची 30 टक्क्यांची मर्यादा लागू करण्याची मुदत 2026 अखेरपर्यंत पुढे गेली आहे. खुले मापदंड दार उघडे ठेवतात, आत किती जण टिकतील याची हमी देत नाहीत.

वऱ्हाडातली दोन उदाहरणे

या भूमिका तपासायला दूर जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातच मेळघाटातले हरिसाल हे गाव 2016 च्या सुमारास राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने डिजिटल गाव म्हणून पुढे आले. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट, दवाखान्यात दूरवरच्या डॉक्टरांचा सल्ला, शाळेत डिजिटल वर्ग अशी त्याची कल्पना होती. दुर्गम भागात तंत्रज्ञान नेण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत तिथे प्रत्यक्षात काय उरले यावर राज्यभर वाद झाला आणि दोन्ही बाजूंनी उलटसुलट दावे झाले. त्या दाव्यांचा निवाडा करणे या लेखाचे काम नाही. मात्र एका भागीदारावर उभ्या असलेल्या प्रयोगात उत्साहाचा काळ सरल्यावर यंत्रणा कोणाच्या ताब्यात राहते, ती कोण दुरुस्त करतो आणि शेजारच्या गावाला ती उचलता येते का, हे प्रश्न सुरुवातीच्या करारातच सोडवावे लागतात.

दुसरे उदाहरण पाण्याचे. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरामध्ये, मुख्यतः मराठवाडा आणि विदर्भातली पाच हजारांहून अधिक गावे होती. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टाही त्यात होता. गावाचा पाण्याचा ताळेबंद काढण्यासाठी आयआयटी मुंबईच्या गटाने क्यूजीआयएस या ओपन सोर्स नकाशा-सॉफ्टवेअरवर चालणारे साधन तयार केले. पाऊस, मातीचा प्रकार, जमिनीचा उतार आणि पीक यांवरून किती पाणी वाहून जाते, किती मुरते आणि पिकाला किती कमी पडते, याचा अंदाज त्यातून निघतो. पद्धत आणि साधन दोन्ही तपासता येत असल्याने एखाद्या महाविद्यालयातला भूशास्त्राचा प्राध्यापक त्यातल्या गृहीतकांवर बोट ठेवू शकतो. भूजलाचा अतिउपसा झालेल्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात असा वाद होणे फार मोलाचे आहे, कारण तिथे बोअरची खोली आणि बागेचे आयुष्य एकमेकांत गुंतलेले आहे.

पण इथेही खुलेपणाने निम्मेच काम होते. साधन चालवायला नकाशे, मातीची माहिती आणि ते समजणारा माणूस लागतो. 2016 मधल्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागे हाच विचार होता : जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तिथल्या पाणीपुरवठ्यासारख्या प्रश्नांचा अभ्यास करावा आणि प्रशासनाने त्यांच्याकडे तो सोपवावा. अशी साखळी कायम राहिली तर खुला कोड जिल्ह्याची क्षमता वाढवतो. ती तुटली तर तो कुठेतरी प्रसिद्ध असूनही कोणाच्या कामाचा राहत नाही.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा सुरक्षेचा. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या घटकात गंभीर त्रुटी सापडली. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या छोट्या प्रकल्पात हेतुपुरस्सर घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. खुला कोड म्हणजे सुरक्षित कोड, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही. मात्र एक्सझेडमधला डाव एका सजग अभियंत्याला पकडता आला, कारण कोड पाहता येत होता. शिवाय जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनाने लाखो विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा बंद प्रणालीही निर्धोक नसल्याचे दिसले. सुरक्षेचा खरा निकष देखभालीला पुरेशी माणसे आहेत का, हा आहे. त्यांचा पगार कोण देणार, याचे उत्तर भारतात अजून खासगी पुढाकारावर सोडलेले आहे. 2024 मध्ये झिरोधाने जाहीर केलेला ओपन सोर्स निधी हे त्याचे चांगले उदाहरण; सार्वजनिक निधीची तशी व्यवस्था दिसत नाही.

दुसरा मुद्दा गोपनीयतेचा आणि सीमारेषेचा. जमिनीची नोंद ठेवणारा कोड खुला असणे आणि शेतकऱ्याची वैयक्तिक माहिती उघडी पडणे या भिन्न गोष्टी आहेत, पण चर्चेत त्या एकत्र येतात. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदींच्या व्यवस्थेसाठी केंद्राने 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टशी सहा राज्यांतल्या शंभर गावांसाठी करार केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या माहितीवर हक्क कोणाचा, हा आक्षेप घेतला गेला. तिसरा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने मराठीसह भारतीय भाषांसाठी खुले अनुवाद-प्रारूप दिले आहे. पण प्रारूप खुले म्हणजे प्रशिक्षणाची सामग्रीही खुली का, यावर जगभर एकमत नाही. महाराष्ट्राने 2025 मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्या शेताच्या बांधावर येऊन ठेपला आहे.

निष्कर्ष

पुरावा एकत्र पाहिला तर सगळे सरकारी सॉफ्टवेअर एका फटक्यात ओपन सोर्स करावे, हा आग्रह टिकत नाही; म्युनिकने त्याची मर्यादा दाखवली आहे. सोयीचे ते विकत घ्यावे आणि पुढचे पुढे पाहावे, ही वृत्तीही टिकत नाही. फाँटांच्या इतिहासाने तिची किंमत दाखवली आहे. राज्याने तीन गोष्टी आजच्या खरेदी नियमांतच आणाव्यात. खुले मापदंड आणि माहिती बाहेर काढण्याची सोय प्रत्येक निविदेत अपवादाविना असावी. शासनाच्या पैशातून नव्याने लिहून घेतलेला कोड, सुरक्षेचे ठोस कारण लेखी दिल्याशिवाय, खुल्या परवान्याखाली सार्वजनिक भांडारात जमा व्हावा आणि वापरातल्या आवृत्तीशी जुळता राहावा. प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात देखभालीसाठी आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून माणसे तयार करण्यासाठी वेगळी तरतूद असावी. यातली तिसरी अट सर्वांत कमी आकर्षक आहे आणि तिच्याशिवाय पहिल्या दोन कागदावरच राहतील. धोरण मुंबईत ठरेल. पण आपल्या जिल्ह्यात पुढची निविदा निघेल तेव्हा या तीन अटी तिच्यात आहेत का, एवढे तपासणे आणि नसतील तर लेखी विचारणे लोकप्रतिनिधी, प्राध्यापक, पत्रकार आणि शेतकरी संघटना यांच्या हातात आहे. ते त्यांनी करावे.